सुपा बुडालं की बुडवलं?

यंदाचा दिवाळी अंक आम्ही इतिहास, व्याकरण, अर्थशास्त्र आणि नकाशे यांच्या वाचनाला दिला आहे. चकली-करंजीच्या ताटात जोयड्याच्या कुणब्यांचे उकडलेले कंद वाढल्यासारखं काहींना वाटेल. वाटू दे. कंद पोटभरीचे असतात.

जोयडा म्हणजे कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातला पूर्वीचा सुपा तालुका. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं सुपा गाव धरणात गेलं. १०१ मीटर उंचीचं ते धरण १९८७ साली पुरं झालं. ही गोष्ट कुणी ‘सुपा बुडालं’ अशी सांगतं, कुणी ‘बुडवलं’ अशी. मधला एकटा ‘व’ कर्त्याला हाक मारतो. व्याकरण परीक्षेपुरतं असतं असं मानणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की आगरकरांचं ‘वाक्यमीमांसा’ हे पुस्तक आणि त्यांचं ‘सुधारक’ पत्र दोन्ही १८८८ सालची. वाक्य उलगडणारा माणूसच समाजाची उलटतपासणी घेत होता.

मधल्या पानावर दोन नकाशे शेजारी शेजारी छापले आहेत, एक धरणाआधीचा आणि एक आजचा. १८६२ पासून हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून १८८३ च्या मुंबई गॅझेटियरच्या कानडा खंडात सुपा तालुक्याची तपशीलवार नोंद सापडते. तो खंड वाचावा आणि मग आजच्या नकाशातल्या निळ्या डागावर बोट ठेवावं.

पण आमचा खरा जीव बांबूच्या हकिगतीत अडकला आहे. १९५० च्या दशकात शेजारच्या दांडेलीला कागद गिरणी आली. तिला या रानांतला बांबू टनामागे दीड रुपयानं मिळे; बाजारात बुरुडाला तोच कित्येक पटींनी महाग पडे. इतक्या स्वस्त मालाची काळजी कोण घेणार? बेटं विरळ झाली आणि ठपका गावकऱ्यांवर आला. १९७० च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे तपासायला रानात उतरले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगिळांचा हा मुलगा; मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे बहुधा घरातूनच आलं असावं. गिरणीची माणसं तोडणी करताना बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी जाळं साफ करत; त्यानं कोंब जोमानं येतील, असा वनखात्याचा समज होता. गावकरी म्हणत, जाळं गेलं की कोंब गुरं आणि साळिंदरं फस्त करतात. गाडगिळांनी बेटं मोजली. गावकऱ्यांचं बरोबर निघालं.

या एका हकिगतीत किंमत, बेटांची मोजदाद आणि ‘बेटं विरळ झाली’सारखी कर्ता गाळलेली वाक्यं अशी एकात एक गुंतली आहेत की ग्रंथालयातली वेगवेगळी कपाटं उघडल्याशिवाय ती पुरी वाचताच येत नाही.

या अंकाचा कागद कुठल्या रानातून आला, असं छापखान्यात विचारलं. ‘सत्तर जीएसएम’, म्हणजे कागदाचं वजन, एवढंच उत्तर मिळालं.