तुला आणि पुण्याची उंची

दोन पारड्यांच्या तराजूंत पदार्थाची वजनांशीं तुलना होते. ‘तुल्य’ हा शब्दही तुलेपासूनच झाला आहे. पृथ्वीचें आकर्षण दोन्ही पारड्यांवर सारखेंच. म्हणून असा तराजू मुंबईस जें वस्तुमान सांगेल तेंच पुण्यासही सांगेल. हल्लींच्या प्रयोगशाळांतील विजेच्या तराजूस मात्र पारडें एकच. तो मोजतो आकर्षणाचा जोर, आणि आंकडा दाखवितो ग्रॅमांत! पुणें समुद्रसपाटीहून सुमारें ५६० मीटर उंच. येथें आकर्षण किंचित् कमी. मुंबईस जुळविलेला तराजू तसाच येथें मांडल्यास १०० ग्रॅमांमागें दहा-पंधरा मिलिग्रॅम कमी भरतात. दहा तोळ्यांच्या दागिन्यांत हा फरक गुंजेच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढा; गृहिणींनीं त्याची काळजी करूं नये. परंतु रसायनशाळेंतील तराजू दशांशाचीं चार स्थळें दाखवितो, आणि त्यांतील दुसऱ्या स्थळापासून पुढचे आंकडे मग फुकट जातात. यास्तव तराजू हलविला कीं प्रमाणित वजन ठेवून तो जागच्या जागीं पुन्हा जुळवावा लागतो. आमच्या वाचकांच्या घरांतील जे विद्यार्थी दिसला आंकडा वहींत उतरून घेतात, त्यांस त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं एवढेंच विचारावें: प्रमाणित वजन शेवटीं केव्हां ठेवून पाहिलें होतें? आणि मूस निवली होती ना? ऊन मुशीभोंवतीं हवा वर चढते, व ती हलकी भरते.