सातबारा, व्हिसा आणि रक्ताचा गर्व

दरवर्षी जून-जुलै आला की आमच्या नवी मुंबईत गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. दहावी-बारावीची मुले, शाली, ट्रॉफ्या, पुढच्या रांगेत बिल्डर आणि नगरसेवक. भाषणे ठरलेली असतात. त्यांतले एक भाषण आम्ही गेली दहा-बारा वर्षे ऐकतो आहोत. वक्ता बदलतो, भाषण बदलत नाही. ‘कोकणी मुसलमानांकडे बघा. शिकले, परदेशात गेले, घरे बांधली, मुलींना डॉक्टर केले. आणि हे यूपी-बिहारवाले बघा. झोपडपट्टी, भंगार, सात-सात मुले. यांना तालीमची किंमतच नाही.’ टाळ्या पडतात. आणि मागच्या रांगेत आमच्या शाळेतली, तुर्भे स्टोअर आणि डिघ्याची मुले आपापली ट्रॉफी मांडीवर घेऊन खाली मान घालून बसलेली असतात.

आम्ही स्वतः कोकणी आहोत. आजोबा जहाजावर खलाशी होते, वडील आखातात गेले, आम्ही बी.एड. करून उर्दू शाळेत मास्तर झालो. त्यामुळे या टाळ्यांत आमच्याही घरच्यांचे हात असतात. म्हणूनच हे लिहिणे आम्हाला भाग आहे. ही तुलना खोटी आहे, आणि खोटी असूनही ती आम्हाला गोड लागते, हे अधिक वाईट आहे.

पहिली गोष्ट अशी की ज्या आकड्यांवर ही तुलना उभी आहे, ते आकडेच नाहीत. जनगणना ‘मुस्लीम’ असा एकच रकाना भरते. कोकणी किती शिकले आणि उत्तर भारतीय अन्सारी किती, हे ती सांगत नाही. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुसलमानांची साक्षरता 78.1 टक्के निघाली, राज्याची 76.9. हा आकडा काही लोक मिरवतात. पण त्याच समाजात पदवीधर किती, हे पाहायला गेले की मान खाली जाते. 2008 मध्ये नेमलेल्या महमूदुर रहमान समितीने 2013 मध्ये जो अहवाल दिला, त्यात हे प्रमाण 2.2 टक्के होते. म्हणजे सही करता येणारे पुष्कळ, आणि पुढे पोचणारे मोजके. त्या मोजक्यांत आपले कोकणी किती, हे मोजल्याशिवाय आपण एकमेकांच्या तोंडावर फेकतो आहोत.

तरीही डोळ्यांना जे दिसते ते आम्ही नाकारत नाही. पनवेल, तळोजे, उरणकडच्या जुन्या कोकणी मोहल्ल्यात घरे पक्की आहेत, मुली कॉलेजात आहेत. तुर्भ्याच्या खाणीखालच्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे आहेत. फरक आहेच. प्रश्न आहे तो कशामुळे आहे हा. वक्ते म्हणतात, संस्कारामुळे, खानदानामुळे. आम्ही म्हणतो, कागदामुळे.

पहिला कागद सातबारा. 1970 मध्ये सिडको आली आणि ठाणे-रायगडच्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. विमानतळासाठी दहा गावे हलली तेव्हा हा वाटा साडेबावीस टक्के झाला. ही लढाई मुख्यतः आगरी-कोळी-कराडी बांधवांनी लढली. पण फळ वाटताना सरकारने धर्म विचारला नाही, सातबारा विचारला. ज्या कोकणी मुसलमानाच्या नावावर जमीन होती, त्यालाही भूखंड मिळाला. तो विकून कोणी मुलाला इंजिनिअर केले, कोणी गाडी घेऊन पैसे उडवले. ज्याच्या नावावर काहीच नव्हते, मग तो आगरी असो, कातकरी असो की मुसलमान, त्याच्या हाती भूखंड आला नाही. आणि जो 1985 मध्ये आझमगढहून एक पत्र्याची पेटी घेऊन आला, त्याला तर झोपडी अधिकृत ठरवायलाच तारखेमागे धावावे लागले. आधी 1 जानेवारी 1995, नंतर 1 जानेवारी 2000. एकाला जमिनीचा मोबदला, दुसऱ्याला पाडापाडीची नोटीस. वीस वर्षांनी दोघांची मुले एकाच बाकावर बसवून आपण विचारतो, हा पुढे कसा आणि तो मागे का?

दुसरा कागद व्हिसा. कोकणी माणूस समुद्राचा. खलाशी, सारंग, तांडेल म्हणून तो आगबोटींवर पिढ्यान्‌पिढ्या होता. मुंबईतल्या बोटीवर एक कोकणी चढला की त्याच्या मागून गावातले दहा चढत. 1973 मध्ये तेलाचे भाव चढले, आखातात कामे निघाली, तेव्हा हीच साखळी कुवेत, दुबई, दम्मामपर्यंत गेली. मामाने भाच्याला बोलावले, भाच्याने चुलत भावाला. यात मेहनत होती, घाम होता, आम्ही ती कमी लेखत नाही. पण बंदर जवळ होते आणि बोलावणारा मामा होता, हेही खरे. ज्याच्या गावाजवळ समुद्रच नाही, त्याचा मामा भिवंडीत मागावर होता. त्याने भाच्याला मागावर बोलावले. दोघांनी एकच केले. फक्त दोघांचे मामा वेगवेगळ्या ठिकाणी होते.

तिसरा कागद जातीचा दाखला, आणि इथे तर रक्ताचा सिद्धान्त साफ कोसळतो. शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या साथीदारांच्या मुस्लीम ओबीसी चळवळीमुळे 1994 मध्ये राज्य सरकारने मागास मुस्लीम बिरादऱ्यांना ओबीसीच्या सवलतींचा मार्ग मोकळा केला. जुलाहा-अन्सारी त्यात आहेत. पण दाखला मिळण्यासाठी कुटुंब 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. आता पाहा. 1857 नंतर उत्तरेतून उठून मालेगाव-भिवंडीला आलेल्या विणकराचा पणतू अन्सारी. 1985 मध्ये तुर्भ्याला आलेल्या विणकराचा मुलगाही अन्सारी. रक्त एक, आडनाव एक, कदाचित मूळ गावही एक. पहिल्याला राज्यातल्या कॉलेजात सवलत, दुसऱ्याला नाही. उद्या पहिल्याचा मुलगा डॉक्टर झाला आणि दुसऱ्याचा गॅरेजमध्ये लागला, तर त्यालाही संस्कारांचाच फरक म्हणणार का?

मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या वर्गातली एक मुलगी दहावीला शाळेत पहिली आली. वडील तुर्भ्याला भंगाराच्या गोदामात वर्गवारी करतात. अकरावी सायन्सच्या फीसाठी आम्ही आमच्याच ओळखीच्या एका संस्थेचा शिष्यवृत्तीचा फॉर्म तिच्या हाती दिला. तिने तो घरी नेला नाही, तिथेच वाचला आणि परत केला. ‘सर, ये फॉर्म हमारे लिए नहीं है.’ आम्ही पाहिले. तिसऱ्या ओळीत लिहिले होते, ‘अर्जदार कोकणी मुस्लीम असावा.’ इतकी वर्षे आम्ही तो फॉर्म वाटत होतो, ती ओळ आम्हाला कधी दिसलीच नव्हती. कारण ती आम्हाला अडवत नव्हती. नंतर तिच्या वडिलांबरोबर जातीच्या दाखल्यासाठी खेपा घातल्या. तिथे 1967 आडवे आले. म्हणजे सरकारने सांगितले, तू महाराष्ट्राची नाहीस, आणि आमच्या कौमने सांगितले, तू आमची नाहीस. चार शिक्षकांनी पैसे काढून तिची पहिल्या वर्षाची फी भरली. पुढच्या वर्षाचे अजून ठरलेले नाही.

दुसऱ्यांवर बोट ठेवताना आमच्या घरचेही सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या बहिणीसाठी एका शिक्षकाचे स्थळ आले होते. एम.ए., बी.एड., निर्व्यसनी, पगार आमच्याएवढाच. घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘मूळचे कुठले?’ जौनपूर म्हटल्यावर चहा न विचारता विषय संपला. आम्ही तिथेच बसलो होतो आणि गप्प राहिलो. वर्गात ‘सब मुसलमान भाई-भाई’ शिकवणारा मास्तर घरात मुका झाला. ही शरम आमच्या नावावर आहे.

आणि ही आग एकतर्फी नाही. उत्तरेकडचे आमचे काही सहकारीही स्वतःला उर्दूचे मालक समजतात. कोकणी मुलाचा उच्चार ऐकून हसतात, ‘मच्छी-चावलवाले’ म्हणतात, मराठी बोलण्यात कमीपणा मानतात. त्यांनाही आमचे सांगणे आहे. या राज्यात तहसीलदाराचा अर्ज मराठीत आहे, तलाठ्याचा दाखला मराठीत आहे, पालिकेची नोटीस मराठीत आहे. उर्दू शाळेत मराठीचा तास म्हणजे सुट्टीचा तास समजणारे शिक्षक मुलांचे पाय बांधतात. हे पाप आमच्या व्यवसायाचे आहे, ते सरकारवर ढकलता येणार नाही.

आता ‘परप्रांतीय’ या शब्दाविषयी. मसूदी नावाचा अरब प्रवासी इ.स. 916 च्या सुमारास आपल्या चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, कोणी सिराफचे, आणि त्यांची इथे जन्मलेली मुले. तेच आमचे पूर्वज, असे आम्ही अभिमानाने सांगतो. म्हणजे आम्हीही बोटीतून उतरलेलेच. फरक हजार वर्षांचा. आणि इतके मागे तरी कशाला जायचे? आमचे वडील ऑगस्ट 1990 मध्ये कुवेतमध्ये होते. इराकने कुवेत घेतले, आणि अठरा वर्षांची कमाई तिथे टाकून ते एका पिशवीनिशी परतले. पुन्हा गेले ते सौदीला. तिथे पासपोर्ट कफीलच्या कपाटात, आणि रस्त्यात कोणीही ‘इकामा’ विचारणार. 2011 मध्ये सौदीने निताकात आणले, 2017 मध्ये परदेशी कामगाराच्या बायको-मुलांवर दरमहा कर बसवला, तेव्हा कितीतरी कोकणी कुटुंबे गावी परतली. ज्याने आयुष्यभर परक्या देशात ‘बाहेरचा’ म्हणून दिवस काढले, त्याने पनवेलला येऊन दुसऱ्याला ‘बाहेरचा’ म्हणावे, याला काय म्हणायचे?

शिवाय आमचा मोठेपणा किती पक्का आहे? आमच्या वर्गात कोकणी मुली पुढे आहेत. कोकणी मुले मात्र बारावीनंतर पासपोर्टची वाट पाहत कट्ट्यावर बसतात. व्हिसा आटला तर या मुलांच्या हाती काय राहणार? त्या दिवशी संस्कार कुठे जातील?

आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचे. कोकणी आणि यूपीवाला यांची तुलना करून आपण ज्या चाकूने एकमेकांना कापतो, तोच चाकू बाहेरचे लोक आपल्या सगळ्यांवर चालवतात. ‘मुसलमान मागे का? त्यांचा धर्मच तसा.’ नोव्हेंबर 2006 मध्ये सच्चर समितीने या बोलण्याला उत्तर दिले. शाळेच्या वयाची मुस्लीम मुले मदरशात जातात ती 3 टक्क्यांच्या आसपास, बाकीच्यांना साधी शाळा हवी आहे आणि ती जवळ नाही. आपण ते उत्तर सभांमधून वाचून दाखवले. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारखे अभ्यासक आयुष्यभर सांगत राहिले की मुस्लीम समाज एकजिनसी नाही, त्यात जाती आहेत, प्रदेश आहेत, वर्ग आहेत. याचा अर्थ सरळ आहे. एकाच धर्माचे दोन समाज वेगवेगळ्या जागी पोचले, तर कारण धर्म नव्हे. एकाच बिरादरीची दोन घरे वेगवेगळ्या जागी पोचली, तर कारण रक्त नव्हे. पहिले वाक्य आपण जगाला सांगतो. दुसरे स्वतःला सांगायला का कचरतो?

1874 मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभी राहिली. बद्रुद्दीन तय्यबजी सुलेमानी बोहरा, आणि त्यांच्याबरोबर होते नाखुदा मोहम्मद अली रोगे, आपले कोकणी. त्यांनी त्या शाळेच्या दारावर ‘फक्त कोकणी’ किंवा ‘फक्त बोहरा’ अशी पाटी लावली असती, तर आज तिथे शिकून बाहेर पडलेल्यांपैकी किती जण बाहेरच राहिले असते? रोगेंचे नाव घेऊन छाती फुगवणाऱ्यांनी त्यांचे हे कामही आठवावे.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. जमातींनी आणि ट्रस्टांनी शिष्यवृत्तीच्या फॉर्मवरची ती तिसरी ओळ खोडावी आणि तिथे ‘उत्पन्न’ लिहावे. प्रत्येक मोहल्ल्यात दोन शिकलेल्या पोरांनी रविवारी बसून लोकांचे दाखले, रेशनकार्ड, जन्मनोंदी नीट करून द्याव्यात. 1967 च्या अटीविरुद्ध कोकणी माणसाने बोलावे, कारण ती त्याला लागू नाही आणि म्हणून त्याचे बोलणे स्वार्थाचे ठरणार नाही. 2027 च्या जनगणनेत जातही विचारली जाणार आहे. ज्याची जी बिरादरी असेल ती त्याने न लाजता सांगावी, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करणाऱ्याच्या हाती निदान आकडे असतील.

त्या संस्थेला आम्ही पत्र लिहिले आहे. उत्तर आलेले नाही. यंदाच्या गुणगौरवाचे निमंत्रण मात्र आले आहे, आणि आम्हाला दोन शब्द बोलायचे आहेत असे त्यात लिहिले आहे. आम्ही जाणार आहोत. ती मुलगी पुढच्या रांगेत बसेल, एवढे आम्ही आयोजकांना आधीच कळवले आहे.