पाण्याच्या वहीत 'अंदाजे' चालते कसे?

शंभर तागे गोदामात आले आणि साठांचेच पैसे जमा झाले, तर संध्याकाळी मुनीमजींना जाब द्यावा लागतो. उरलेले चाळीस शिल्लक आहेत, उधारीत गेले की चोरीला? शहराच्या पाण्याबाबत मात्र हा सवाल कोणी विचारीत नाही.

वास्तविक कायद्याने कमी ठेवलेली नाही. 2008 साली केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने पाणीपुरवठ्यासाठी 9 मानके ठरविली. माणशी रोज 135 लिटर, पुरवठा 24 तास, सर्व नळांना मीटर आणि ज्याचे पैसे येत नाहीत असे पाणी फार तर 20 टक्के. 13 व्या वित्त आयोगाने (2010-15) तर अनुदानाचा एक हिस्सा मिळण्यासाठी अशी उद्दिष्टे दरवर्षी राजपत्रात जाहीर करण्याची अट घातली.

त्याच मानकांच्या पुस्तिकेत प्रत्येक आकड्याला 'ए' ते 'डी' अशी विश्वासार्हतेची श्रेणी द्यायची आहे. 'ए' म्हणजे नीट मोजलेला, 'डी' म्हणजे निव्वळ अंदाज. लोकांपुढे आकडा येतो, श्रेणी गळून पडते! मी एकदा एका पालिकेच्या कचेरीत गळतीचा आकडा विचारला. बाबूने तो लगेच सांगितला. मोजला कसा, म्हटल्यावर हसून म्हणाला, "शेठ, मुख्य मीटर बंद आहे, मागच्या वर्षीचाच लिहितो." आमच्या दुकानात अशी वही कोणी ठेवली तर दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब चुकता करून त्याला घरी पाठवू.

याची किंमत आपण भरतो. उन्हाळ्यात रंगाईवाला टँकर मागवितो आणि ते पैसे मीटरमागे आपल्याच बिलात लावतो.

माहिती अधिकार कायदा 2005 चे कलम 4 सांगते की, कार्यालयाने माहिती न मागता प्रसिद्ध करावी. करीत नसतील तर 10 रुपयांचा अर्ज आहे, 30 दिवसांची मुदत आहे. पण "गळती किती?" एवढेच विचारू नका. श्रेणी कोणती, मुख्य मीटर चालू की बंद, आणि वॉर्डवार पाणी किती सोडले, हे विचारा.

काही बांधव दबक्या आवाजात म्हणतात, मोजणी झाली तर आपल्याच गल्लीतील चोरटे जोड उघडे पडतील. पडू द्यात की! पट्टी भरणाऱ्याने न भरणाऱ्याची झाकपाक किती दिवस करायची?

मी अर्ज लिहून ठेवला आहे. ज्यांना नक्कल हवी असेल त्यांनी दुपारनंतर दुकानी यावे, सकाळी गिऱ्हाईक असते.