हॅलोविनची फेरी आणि इंदिरानगर : मुलांसाठी सुरक्षित वस्ती कोणती?

दरवर्षी ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकेसह अनेक देशांत लहान मुले भुताखेतांची सोंगे घेऊन घरोघर जातात आणि ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’ अशी गमतीची धमकी देत गोळ्या-चॉकलेटे गोळा करतात. हॅलोविन या नावाने ओळखली जाणारी ही प्रथा बंगळुरूच्या निवासी संकुलांतही पोहोचली आहे. मुलांना फेरीसाठी कोणत्या वस्तीत न्यावे, हा प्रश्न त्यामुळे येथील पालकांपुढेही उभा राहतो. शहराच्या पूर्वेकडील इंदिरानगरच्या संदर्भात विचार केल्यास हा प्रश्न एका संध्याकाळपुरता मर्यादित नसल्याचे लक्षात येते.

भीती एकीकडे, धोका दुसरीकडे

अनोळखी घरातून मिळालेल्या खाऊत विष असेल, ही या सणाशी जोडली गेलेली सर्वांत मोठी भीती. १९७४ मध्ये टेक्सासमधील एका आठ वर्षांच्या मुलाचा हॅलोविनच्या रात्री सायनाइडयुक्त गोळीपूड खाल्ल्याने मृत्यू झाला आणि या भीतीला बळ मिळाले. मात्र ते विष विम्याच्या रकमेसाठी मुलाच्या पित्यानेच दिल्याचे न्यायालयात सिद्ध झाले. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी अनेक दशकांच्या वृत्तांची छाननी केली. अनोळखी व्यक्तीने वाटलेल्या विषारी खाऊमुळे मूल दगावल्याची एकही खात्रीलायक घटना त्यांना आढळली नाही.

खरा धोका रस्त्यावर आहे. ‘जामा पेडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतील अमेरिकी अपघातांची पाहणी करण्यात आली. आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींच्या तुलनेत हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूची जोखीम ४३ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यातून दिसून आले. ४ ते ८ वर्षे वयोगटातील मुलांच्या बाबतीत ही जोखीम सुमारे दहापट होती.

भारतात हा धोका वर्षभराचाच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३२ हजार ८२५ जण पादचारी होते. बंगळुरूत ऑक्टोबरअखेर सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. मुलांच्या फेरीची आणि कार्यालये सुटण्याची वेळ त्यामुळे एकच ठरते.

एका उपनगराचे रूपांतर

बंगळुरू विकास प्राधिकरणाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस वसवलेल्या या उपनगराला तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे नाव देण्यात आले. त्यांची हत्या झाली तो १९८४ मधील दिवसही ३१ ऑक्टोबरचाच होता, हा केवळ योगायोग. आरंभी येथे प्रशस्त बंगले आणि स्वतंत्र घरे होती. त्यांपैकी बरीचशी संरक्षण दलांतील अधिकाऱ्यांची होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात माहिती तंत्रज्ञान उद्योगाची भरभराट झाली आणि शंभर फुटी रस्ता व बारावा मेन या मार्गांवरील घरांच्या जागी दुकाने, उपाहारगृहे आणि मद्यालये आली. ऑक्टोबर २०११ मध्ये शहरातील पहिली मेट्रो याच उपनगरातून धावली.

या बदलांविरुद्ध येथील रहिवाशांनी वेळोवेळी आवाज उठवला आहे. निवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल असावी, असे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत नमूद आहे. सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणांना परवाना बंधनकारक करणारा बंगळुरू पोलिसांचा २००५ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये वैध ठरवला. त्यामुळे एकाच इंदिरानगरात आज दोन वस्त्या नांदतात : मुख्य रस्त्यांवरची झगमगती बाजारपेठ आणि आतल्या क्रॉस रस्त्यांवरची झाडांच्या सावलीतील घरे.

निवडीचे निकष

वस्तीच्या नावापेक्षा गल्लीची निवड महत्त्वाची ठरते ती यामुळेच. फेरीचा मार्ग शंभर फुटी रस्ता ओलांडणारा नसावा. पदपथ सलग आणि दिवे चालू असावेत. घरांची दारे रस्त्यालगत असावीत, म्हणजे मुलांना वारंवार वाहनांच्या आडून जावे लागणार नाही. हा मार्ग पालकांनी दिवसा एकदा पायी चालून पाहणे हिताचे ठरते. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस असतो आणि पाणी साचले की उघडी गटारे दिसत नाहीत. २००९ च्या पावसात शहरातील लिंगराजपुरम भागात एक सहा वर्षांचा मुलगा नाल्यात वाहून गेला होता. भटक्या कुत्र्यांचाही विचार करावा लागतो. महापालिकेच्या २०२३ च्या पाहणीत शहरात त्यांची संख्या सुमारे २ लाख ७९ हजार आढळली होती. दिवाळी याच सुमारास आली, तर पणत्या आणि फटाक्यांजवळ पायघोळ, झुळझुळीत पोशाख धोकादायक ठरतात. २०२४ मध्ये नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच होती.

फाटकाआतली सुरक्षितता

अनेक पालक या साऱ्यावर एकच उपाय निवडतात : पहारेकरी असलेले बंदिस्त संकुल. तेथे वाहने कमी आणि चेहरे ओळखीचे असतात, हे खरे. परंतु त्या फाटकाबाहेर राहणाऱ्या मुलांचे काय? इंदिरानगरच्या पोटातच बिन्नमंगलसारखे जुने गाव आहे. संकुलांतील घरकाम करणाऱ्यांची मुलेही आसपासच वाढतात. त्यांना सणाच्या संध्याकाळी आत प्रवेश नसेल, तर ती सुरक्षितता मूठभरांपुरतीच उरते. रस्त्यावर वावरणारी माणसे आणि खिडक्यांतून लक्ष ठेवणारे शेजारी हाच रस्त्याचा खरा पहारा असतो, अशी मांडणी नगरनियोजनाच्या अभ्यासक जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच केली होती. मुले आत गेली की रस्ता अधिक निर्मनुष्य होतो आणि निर्मनुष्य रस्त्याची भीती वाढते.

घरोघर जाण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. दसऱ्यात बंगळुरू-म्हैसूरची मुले ‘बाहुल्या मांडल्या आहेत का?’ असे विचारत दारोदार जातात आणि मांडणी पाहून खाऊ घेऊन परततात. महाराष्ट्रात भोंडल्याच्या दिवसांत मुली एका घरून दुसऱ्या घरी जाऊन खिरापत ओळखतात. संक्रांतीला तिळगुळाची वाटी घेऊन मुले शेजार पालथा घालतात. या फेऱ्यांना पूर्वी मार्ग आखावा लागत नसे, कारण प्रत्येक दारामागचे माणूस परिचयाचे असे. अमेरिकेतही ही प्रथा फोफावली ती १९३० च्या दशकात. हॅलोविनच्या रात्री होणारी मोडतोड आवरावी, यासाठी तेथील नागरिकांनी मुलांना दारात बोलावून खाऊ देण्यास प्रोत्साहन दिले होते.

सुरक्षित वस्ती शोधण्याइतकेच ती घडवणेही रहिवाशांच्या हाती आहे. एखाद्या क्रॉस रस्त्यावरील दहा-बारा घरांनी ठरावीक दोन तास दारात दिवा लावला, दोघे-तिघे वडीलधारे चौकात उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला, ते कोठून आले हे न विचारता, खाऊ दिला, तर ती गल्ली त्या संध्याकाळी सुरक्षित होते. बाकीच्या ३६४ संध्याकाळींसाठी मात्र सलग पदपथ, झाकलेली गटारे आणि चालू दिवे लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरू महापालिकेच्या जागी पाच महापालिका अस्तित्वात आल्या. मुलांना शाळेतून घरी पायी येता येईल असे रस्ते त्या देऊ शकतात का, यावरच कोणत्याही सणाच्या फेरीची सुरक्षितता अवलंबून राहील.