उद्याच्या नावाखाली आज मोठा संगणक कशाला?

अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले की घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतो आणि बहुतेक वेळा एकाच सल्ल्यावर येऊन थांबतो : घ्यायचाच आहे तर सगळ्यात भारी घ्या, म्हणजे पुढची सहा-सात वर्षे बघायला नको. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. वस्तू टिकावी, मुलाचे अडू नये, खर्च एकदाच व्हावा ही अपेक्षा रास्तच आहे. पण आज जादा पैसे मोजले की उद्याची सोय होते, हे त्यामागचे गृहीतक संगणकाच्या बाबतीत खरे ठरत नाही. त्यापायी घरातले हजारो रुपये न वापरल्या जाणाऱ्या ताकदीवर खर्च होतात, म्हणून या सल्ल्याचे खंडन करणे गरजेचे आहे.

पुरावा फार जुना नाही. इंटेलचा कोअर आय७-७७००के हा प्रोसेसर जानेवारी २०१७ मध्ये आला, तेव्हा घरगुती संगणकांतल्या सर्वांत वेगवान प्रोसेसरांत त्याची गणना होत होती. त्याच वर्षाच्या अखेरीस स्वस्त लॅपटॉपसाठी दोन कोअरचा सेलेरॉन एन४००० आला. २०२१ मध्ये विंडोज ११ आले, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत या सेलेरॉनला जागा मिळाली. आय७-७७००के मात्र बाहेर राहिला. निकष नुसत्या वेगाचा नव्हता. प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे आणि नव्या सुरक्षाव्यवस्थेत बसतो का, हे पाहिले गेले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले, तेव्हा भविष्यासाठी म्हणून ज्यांनी भरपूर पैसे मोजले होते त्यांच्या हाती स्वस्त यंत्रवाल्यांपेक्षाही कमी उरले. स्टिकरवरच्या आकड्याचेही तेच. २०१६ च्या आय७-७५००यू मध्ये दोन कोअर होते, २०२२ च्या आय३-१२१५यू मध्ये सहा आहेत. पिढी न विचारता ‘आय७ आहे ना?’ एवढेच विचारणारा ग्राहक सहज फसतो.

मग निवड कशावरून करायची? कामावरून. पहिल्या दोन वर्षांत सी, पायथन, प्रोजेक्टचे अहवाल आणि ऑनलाइन व्याख्याने एवढेच असेल, तर सध्याच्या पिढीचा मध्यम प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि एसएसडी पुरते. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह चालवायचा असेल तर सोळा जीबी हवी. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला सॉलिडवर्क्स लागणार असेल तर ते विंडोजवरच चालते, त्यामुळे मॅकबुक कितीही उत्तम असले तरी त्याच्यासाठी ती चुकीची खरेदी आहे. दुकानाचे हिशेब टॅलीवर ठेवणाऱ्याला लॅपटॉपपेक्षा मोठा पडदा आणि वेगळा आकड्यांचा कीपॅड असलेला डेस्कटॉप अधिक उपयोगी पडेल. दिवसभर वाचन-लेखन करणाऱ्याने प्रोसेसरवरचे पैसे वाचवून चांगल्या पडद्यावर आणि कीबोर्डवर घालावेत; डोळे आणि बोटे रोज त्यांच्याशीच झगडतात. वेगळे ग्राफिक्स कार्ड खेळांना, त्रिमितीय चित्रणाला खरेच लागते. पण त्याच्याबरोबर वजन, मोठा अ‍ॅडॉप्टर आणि लवकर संपणारी बॅटरीही येते, आणि लोकलने किंवा एसटीने रोज जाणाऱ्या मुलाच्या पाठीवर ते ओझे चार वर्षे राहते. मशीन लर्निंग शिकायचे म्हणून हे कार्ड हवेच, असेही नाही. गूगल कोलॅबवर ब्राउझरमधूनच, मर्यादित प्रमाणात का होईना, विनामूल्य जीपीयू मिळतो.

यावर पहिला आक्षेप येतो की स्वस्त ते महाग पडते. ते खरे आहे, आणि सर्वांत स्वस्त घ्या असे येथे कोणी म्हणत नाही. चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी साठवण ही विंडोज ११ ची किमान अट आहे. तेवढ्यावर विकले जाणारे यंत्र पहिल्या दिवसापासून धापा टाकते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. अशा यंत्रात आजच सोळा जीबी घ्यावी, यात वाद नाही. पण म्हणूनच रॅमचा एक स्लॉट मोकळा असलेले यंत्र आधी शोधावे. शहाणा शिंपी वाढत्या मुलाचा सदरा दोन मापे मोठा शिवत नाही, आत माया ठेवतो. तिसरा आक्षेप एआयचा. सेकंदाला चाळीस लाख कोटी क्रिया करणारा एनपीयू, म्हणजे एआयच्या कामांसाठीचा खास प्रोसेसर, ही मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये कोपायलट प्लस संगणकांसाठी घातलेली अट आहे. परंतु विद्यार्थी वापरतात त्या बहुतेक चॅट-सेवा दूरच्या डेटा सेंटरमध्ये चालतात. त्यासाठी घरच्या यंत्रात एनपीयू असण्याची गरज नाही.

तेव्हा लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन सेलमधून घ्या, आधी पुढच्या दोन वर्षांत लागणाऱ्या सॉफ्टवेअरांची नावे कागदावर लिहा आणि त्यांच्या कंपन्यांनी दिलेल्या अटी वाचा. विक्रेत्याला प्रोसेसरची पिढी विचारा, रॅम सोल्डर आहे का ते विचारा, बॅटरी आणि एसएसडी बदलता येते का ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर दुसरे दुकान गाठा. वाचलेल्या पैशांतून वाढीव वॉरंटी आणि बॅकअपसाठी एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या.