कंबर आणि दोन पक्ष

मंडळी, आज जरा दुखण्यावर लिहिणार आहे. तुमच्या वयात दुसरा विषय असतो कुठे, असं म्हणाल! पण हे माझं दुखणं नाही. आमच्या घरात सध्या एका कंबरेवरून दोन पक्ष पडले आहेत, आणि दोन्ही पक्षांतली माणसं हा ब्लॉग वाचतात हे मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा फोनवर सतरा जणांना तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. कंबर जिची आहे त्या माझ्या धाकट्या जावेला विचारूनच लिहिते आहे, बरं का.

तिचं वय 58. पहिली दोन वर्षं नुसती कंबर दुखायची. मग मान, खांदे, मांड्या असं करत करत आता सकाळी उठते तीच मुळी रात्रभर कुणी कुटून काढल्यासारखी. आठ तास अंथरुणात काढूनही झोप झाली असं वाटत नाही. बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. एमआरआय काढला तर कंबरेच्या मणक्यातली एक गादी थोडी बाहेर आलेली दिसली, आणि मणक्याच्या एका डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. पहिला पक्ष म्हणतो, करून मोकळी हो. दुसरा पक्ष (यात आमच्या दोघी नणंदा आहेत, राग मानू नये) म्हणतो, काही झालेलं नाही, मुलं परदेशी गेली, घर रिकामं झालं, तेच मनाला लावून घेतलंय.

मला दोन्ही पक्ष पटत नाहीत.

मध्यंतरी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा 'फायब्रोमायल्जिया' हा शब्द उच्चारला. मी आयुष्य वर्गात घालवलेली बाई, नवा शब्द भेटला की त्याची फोड केल्याशिवाय राहवत नाही. तंतू, स्नायू आणि वेदना, असे तीन तुकडे. पण या नावाच्या आधी एक नाव होतं आणि त्याची गोष्ट गमतीची आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी 1904 साली एक व्याख्यान दिलं, विषय होता कंबरदुखी! दुखऱ्या तंतूंना सूज येत असावी असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी 'फायब्रोसायटिस' हा शब्द काढला. पुढे शोधूनही ती सूज काही सापडेना. मग 1970 च्या दशकात नावातली सूज गेली आणि वेदना तेवढी उरली. म्हणजे या आजाराचं पहिलं नाव कंबरेतूनच आलेलं आहे.

आता खरी गोष्ट. अमेरिकेत 2004 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तीन प्रकारची माणसं घेतली: धडधाकट, फायब्रोमायल्जियाची, आणि नुसती जुनाट कंबरदुखी असलेली, जिचं कारण सापडत नव्हतं अशी. सगळ्यांच्या अंगठ्याच्या नखावर सारखाच दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचं चित्र घेतलं. धडधाकट माणसांना तो दाब फारसा जाणवला नाही. फायब्रोमायल्जियावाल्यांना चांगलंच दुखलं. आणि कंबरदुखीवाल्यांनाही तसंच दुखलं! कंबर दुखणाऱ्याचा अंगठा का दुखावा? मेंदूची चित्रंही दोन्ही आजारी गटांची एकमेकांसारखी आली. दुखतंय असं ते उगाच म्हणत नव्हते, मेंदूत तसं उमटत होतं.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला एक माईकवाला यायचा. तो आवाज इतका चढवून ठेवायचा की निवेदिकेने हातातला कागद उलटला तरी सभागृहात खरखर व्हायची. यात कागदाचा दोष नाही, पण खरखर मात्र सगळ्यांना ऐकू येते. फायब्रोमायल्जियात मज्जासंस्थेचं असंच होतं. जुनी कंबरदुखी, मोडलेली झोप, काळजी या सगळ्यांनी तो आवाज चढत जाऊ शकतो. सगळ्याच कंबरदुखीवाल्यांचं असं होत नाही, काहींचं होतं. आणि एकदा आवाज चढला की कंबरेची बारीकशी उसणही ठणक्यासारखी लागते.

मग ती बाहेर आलेली गादी? तीही खोटी नाही. पण 1994 साली, ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा 98 माणसांचे एमआरआय काढले गेले, तर निम्म्याहून अधिक जणांच्या गाद्या कुठे ना कुठे फुगलेल्या निघाल्या. डोक्यावरचे केस पिकावेत तसंच पुष्कळदा हे असतं. गादीने नस दाबली, पायात खालपर्यंत कळ जाते, पाऊल उचलत नाही, असं असेल तर ऑपरेशनला माझा विरोध नाही. लघवीवरचा ताबा गेला किंवा बसण्याची जागा बधिर झाली तर तासभरही थांबू नये. ताप येणं, वजन उतरणं, म्हातारपणी पडल्यावर कंबर धरणं, हेही फायब्रोमायल्जियाच्या नावावर खपवू नये. पण जावेला यातलं काही नाही. गादीचं ऑपरेशन झालं तरी तिची मान, खांदे आणि झोप कोण दुरुस्त करणार?

दुसऱ्या पक्षालाही दोन शब्द. डॉक्टरांनी ड्युलोक्सेटिन लिहून दिलं, तेव्हा कुणीतरी इंटरनेटवर पाहून जाहीर केलं, "बघा, डिप्रेशनचीच गोळी आहे!" आहेच. पण तीच गोळी मेंदूकडून खाली येणाऱ्या, वेदना दाबणाऱ्या यंत्रणेलाही बळ देते. अमेरिकेत तिला 2008 साली फायब्रोमायल्जियासाठी आणि 2010 साली जुनाट कंबरदुखीसाठी मान्यता मिळाली. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा या आजारात फारसा उपयोग होत नाही, हे तर तिने सहा वर्षं भोगलंच आहे.

2017 साली युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी यावरचे सगळे उपचार तपासले आणि ठाम शिफारस एकाच गोष्टीची केली: व्यायाम. तोही हळूहळू वाढवत नेलेला. पहिल्या दिवशी पाच मिनिटं चालायचं आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तरी पुन्हा पाचच मिनिटं. ती सध्या गल्लीच्या टोकापर्यंत जाते. शेजारच्या बाई विचारतात, "एवढंच?" हो, एवढंच.

असो. येत्या शुक्रवारी संधिवाततज्ज्ञांची वेळ घेतली आहे. थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासून झालं आहे, एमआरआयही बरोबर असेल. सोबत मी जाणार. मी एका कागदावर माणसाची आकृती काढून दिली होती, त्यात तिने कुठे कुठे दुखतं ते तांबड्या पेन्सिलीने रंगवलं आहे. पाहिलं तर पांढरं थोडंच उरलंय. आजवर सगळे कंबरेबद्दलच विचारत आले, बाकीचं कुणी विचारलंच नाही, म्हणून हा कागद फाइलच्या सर्वांत वर लावणार आहे. त्यांचं मत कळेपर्यंत ऑपरेशनची तारीख कुणी परस्पर घेऊ नये.

आणि गौरींच्या जेवणाचं पुरण यंदा ती शिजवणार नाही. पुरणयंत्र फिरवायला कोण येणार ते नणंदांनी आपसात ठरवून मला फोन करावा.