कोड पोराचा, पण क्रम कुणाचा?



आज पिकाचं नाही, रोबोटच्या हाताचं लिहितोय. सोडून देऊ नका, विषय शेवटी रोपांच्या ट्रेवरच येतो.

धाकटा डिप्लोमाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत चार सर्व्हो मोटरी, एक आर्डुइनो बोर्ड आणि ॲक्रिलिकच्या पट्ट्या घेऊन आला. एक मोटर बुडाला, एक खांद्याला, एक कोपराला, एक चिमट्याला. झाला हात. प्रदर्शनात हा हात प्लॅस्टिकचा ठोकळा इकडून उचलून तिकडे ठेवणार होता. त्याचा कोड तयारच मिळतो, आकडे बदलले की झालं. मी म्हटलं, ठोकळा उचलून काय मिळणार? आपल्या ट्रेमधल्या नांग्या भरून दाखव.

98 कप्प्यांच्या ट्रेत मिरची टाकली की काही कप्पे रिकामे राहतातच. दुसऱ्या ट्रेतलं रोप कोकोपीटच्या गोळ्यासकट काढायचं आणि तिथं बसवायचं. दिसायला सोपं काम. आता ते यंत्राला सांगून बघा.

या मोटरीला फक्त कोन कळतो, 0 ते 180 अंश. कोकोपीट कळत नाही, रोपही कळत नाही. म्हणून काम पायऱ्यांत तोडायचं. रोपाच्या वर ये. चिमटा उघड. खाली जा. धर. वर ये. फीर. खाली जा. सोड. प्रत्येक पायरीला चार मोटरींचे चार आकडे. या यादीलाच क्रम म्हणायचं. कोड म्हणजे ती यादी वाचून दाखवणारा गडी.

पहिल्या रात्री त्याने "धर" नंतर थेट "फीर" लिहिलं. सगळे सांधे एकदम सुटले आणि हाताने तिरकी वाट धरून शेजारची पाच-सहा रोपं झोपवली. मधली "सरळ वर ये" ही पायरी राहिली होती. दुसरी चूक वेगाची. 90 अंश फीर म्हटलं की मोटर झटक्यात जाते आणि गोळा फुटतो. मग एकेक अंश पुढं आणि प्रत्येक अंशाला 15 मिलिसेकंद थांबा, असं केलं. 90 अंशाला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, पण गोळा शाबूत राहतो.

तिसरी चूक करंटची. मोटरींना वीज बोर्डातूनच दिली होती. डीपीवर सगळ्यांनी एकदम पंप टाकले की व्होल्टेज पडतो ना, तसंच. बोर्ड बंद पडून परत सुरू व्हायचा आणि हात मधूनच पहिल्या पायरीवर. मोटरींना वेगळा अडॅप्टर दिला, ऋण वायरी एकत्र जोडल्या, तेव्हा हात शुद्धीवर आला.

हे सगळं झालं तरी रोप निघेना. चिमटा देठ धरून ओढी, देठ हातात आणि मुळ्या ट्रेत. पोराने दोन दिवस आकडे बदलले. तिसऱ्या दिवशी त्याची आई चहा घेऊन आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "आरं वरनं वढतोस कशाला? खालच्या भोकातनं बोट घाल, गोळा सुटू दे, मग उचल. आन् आज पाणी देऊ नको त्या ट्रेला, लई वलं झालं की गोळा फुटतो."

पोर गप्प. संध्याकाळी त्याने ट्रेखाली एक लाकडी खुंटी आणि पाचवी मोटर बसवली. आधी खुंटी वर, अर्धा सेकंद थांबा, मग चिमटा. रोप अलगद बाहेर आलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. कोड पोराचा होता, पण क्रम त्याच्या आईचा होता. तिने वीस वर्षं बोटांनी केलेलं काम ती पहिल्यांदाच शब्दांत सांगत होती, कारण आजवर कुणी विचारलंच नव्हतं. उद्या शेतात यंत्रं येणार, मजूर मिळत नाहीत म्हणून येणारच. पण क्रम लिहायला कुणीतरी शहरात बसला आणि त्याला खालून ढकलायचं माहीत नसलं, तर ते महागडं यंत्र आपल्याच रोपाचे देठ तोडणार. आणि मग आपल्यालाच सांगणार, तुमचं कोकोपीट बरोबर नाही.

उगाच फुशारकीही नको. हात एक रोप हलवेपर्यंत पोराची आई चार हलवते. ट्रेचं लांबचं टोक त्याला गाठत नाही. हात लांब केला की जोर कमी पडतो. फावडं लांब धरून माती उचलून बघा, लगेच कळेल. आणि त्याला डोळे नाहीत. ट्रे बोटभर सरकला तरी तो जुन्याच जागी चिमटा घालतो.

पहिला कारखानी रोबोट युनिमेट 1961 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. तोही असाच साठवून दिलेल्या पायऱ्यांवर चालायचा. तिथं जमलं, कारण लोखंडी वस्तू रोज त्याच जागी येते. आपलं रोप येत नाही. हॉलंडमध्ये नांग्या भरणारी यंत्रं आहेत, पण त्यांना कॅमेरा असतो. म्हणून बांधावरच्या झाडावर असला हात चालेल या भ्रमात राहू नका. ट्रेसारखं मोजून मांडलेलं काम असेल तिथंच त्याचं जमतं.

शेतकरी बांधवांनो, पोरगं असलं काही घेऊन बसलं तर खेळणी म्हणून हिणवू नका. जवळ बसा, घरातलं एक काम द्या. आणि पायऱ्या त्याच्याकडून नाही, ते काम रोज करणाऱ्याकडून वहीत उतरवून घ्या. कुठं थांबायचं तेही लिहा, थांबणं हीसुद्धा पायरीच आहे.

कृषी अधिकारी, प्राध्यापक हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. प्रदर्शनात ठोकळा उचलणाऱ्या हाताला टाळ्या जरूर द्या. पण पोराला एक प्रश्न विचारा, "हा क्रम तुला कुणी सांगितला?" उत्तरात आईचं, बापाचं किंवा मजूर बाईचं नाव आलं, तर नंबर त्याला द्या.

तुमच्याकडचं कुठलं काम असं पायऱ्यांत मांडता येईल, खाली लिहा. पोरगा वाट बघतोय.